विभक्त पालक, मूल आणि गाव बदलणं: कुटुंब न्यायालयातली वाट

कुणाची बदली होते. कुणाला चांगली नोकरी मिळते, पण दुसऱ्या शहरात. एकट्याने मूल सांभाळणं जड जातं म्हणून कुणाला माहेरी परतावंसं वाटतं, तर कुणाचं दुसरं लग्न ठरतं. वेगळं झाल्यावर मूल ज्याच्याकडे आहे त्याने गाव बदलायचं म्हटलं की "मला परवानगी लागते का?" हा प्रश्न येतोच, आणि कोर्टाच्या आवारात चार जणांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात. हा लेख महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयाची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्यांसाठी आहे. वकिलाची गरज त्याने संपणार नाही, पण वकिलासमोर बसून काय विचारायचं ते कळेल. गोव्यातल्या वाचकांनी मात्र स्थानिक वकिलालाच गाठावं, तिथला कौटुंबिक कायदा वेगळ्या नागरी संहितेचा आहे.

बहुतेक अर्जांत जाण्याची कारणं पानंच्या पानं असतात आणि मागे राहणाऱ्या पालकाबद्दल एकच ओळ: "भेटीस माझी हरकत नाही." न्यायाधीशांचे प्रश्न नेमके त्या एका ओळीभोवती फिरतात. त्यामुळे सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घ्यायची आहे.

आधी हातातला कागद वाचा

परस्पर संमतीने घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्यासोबत (म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशासोबत) 'कन्सेंट टर्म्स', म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी असतात. त्या शेवटच्या वाचून किती वर्षं झाली? पुन्हा वाचा. "मुलाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय शहराबाहेर हलवणार नाही", "शाळा दोघांच्या संमतीने ठरेल", "दर शनिवारी ११ ते ५ भेट" अशी वाक्यं शोधा. पहिलं वाक्य नसेल आणि शनिवारचं असेल, तरी तुम्ही बांधलेलेच आहात. नागपूरला राहून पुण्यातली दर शनिवारची भेट पाळता येत नाही, आणि ती न पाळणं म्हणजे आदेशाचा भंग.

प्रकरण अजून चालू असेल तर अंतरिम (निकालापर्यंतचे तात्पुरते) आदेश आणि रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद, बघा. कधीकधी "तोपर्यंत जैसे थे" एवढंच लिहिलेलं असतं, आणि पक्षकाराला त्याचा पत्ताच नसतो. पालक व पाल्य कायदा, १८९० याखाली न्यायालयाने तुम्हाला पालक म्हणून नेमलं असेल तर प्रश्नच मिटला. कलम २६ नुसार नेमलेल्या पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही.

कुठलाच आदेश नाही, नुसतेच वेगळे राहता, असंही असतं. मग देशातल्या देशात गाव बदलायला आधी परवानगी घ्या असं सांगणारं सरळ कलम तुम्हाला सापडणार नाही. तरी गुपचूप निघू नका. समोरचा आठवड्याभरात ताब्याचा अर्ज टाकतो, आणि पहिल्याच तारखेला तुमची ओळख "मूल घेऊन पळालेली" किंवा "पळालेला" अशी होते. ती पुसायला फार वेळ जातो. नव्या गावी जाऊन तिथल्या कोर्टात दावा लावू, हा हिशेबही सहसा चुकतो. पालक व पाल्य कायद्याच्याच कलम ९ प्रमाणे मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयाचा अधिकार चालतो, आणि चार दिवसांपूर्वी उतरलेलं गाव हे काही मुलाचं नेहमीचं गाव ठरत नाही.

अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा आहे. घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर आधी सुरक्षित जागी जा आणि लगेच कागदावर आणा. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मधल्या कलम २१ खाली पीडित महिलेला मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो.

दुसऱ्या पालकाला लेखी कळवा

फोनवर सांगितलं, सासूबाईंच्या कानावर घातलं, हे कोर्टात सांगणं नाही. ईमेल करा. नातं अगदीच बिघडलेलं असेल तर वकिलामार्फत पत्र पाठवा. कुठे जायचं, केव्हा, का, कोणती शाळा बघितली, भेटी कशा सुचवताय, एवढं असलं की पुरे. जुने हिशेब त्यात काढू नका, कारण हे पत्र पुढे न्यायाधीशही वाचणार आहेत.

कधीकधी समोरचा मान्यही करतो. तसं झालं तर नुसत्या व्हॉट्सॲपवरच्या "ओके"वर घर हलवू नका. जुन्या अटींत बदल करणारा संयुक्त अर्ज करा आणि आदेश घ्या. आज हो म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्याच वकिलाकडे गेलेला असतो.

तारखांचं गणित शाळेपासून उलटं मांडा

महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनमध्ये उघडतात. बाहेर, विशेषतः सीबीएसईच्या अनेक शाळांत, वर्ष एप्रिलला सुरू होतं. कोर्टाला मे महिन्यात उन्हाळी सुट्टी. अर्ज, नोटीस, समोरच्याचं 'म्हणणं' (लेखी उत्तर), समुपदेशन, युक्तिवाद, आदेश आणि समोरचा हायकोर्टात गेला तर तिथला वेळ, हे सगळं जमेला धरा. जूनमध्ये शाळा बदलायची असेल तर दिवाळीनंतर लगेच अर्ज पडलेला बरा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात "तातडीने ऐका" म्हणून येणाऱ्यांची गर्दी दरवर्षी असते, आणि त्या घाईचं खापर शेवटी अर्जदारावरच फुटतं.

एक बारीक गोष्ट: आदेशाआधी शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. दाखला काढलेला दिसला की "हिने आधीच ठरवून टाकलंय, कोर्टाला नुसतं विचारायचं म्हणून विचारतेय" हा युक्तिवाद समोरच्याला आयता मिळतो. नव्या शाळेकडून 'जागा उपलब्ध आहे' असं पत्र किंवा फीचं पत्रक घ्या. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर दाखल्याला उशीर होईल ही भीती आठवीपर्यंतच्या मुलांसाठी बाळगू नका. दाखला उशिरा आला या कारणावरून तिथला प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे.

अर्ज आणि त्यासोबतचे कागद

ज्या कोर्टाने आधीचा आदेश दिला, तिथेच जा. हिंदू विवाह कायद्याखालचं प्रकरण असेल तर कलम २६ प्रमाणे ताब्याचे आणि भेटींचे आदेश हुकूमनाम्यानंतरही बदलता येतात. "संमतीने सही केलीय, आता काही होत नाही" हा सर्रास ऐकू येणारा समज चुकीचा आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. परस्पर संमतीने घटस्फोट, भेटींच्या अटी ठरलेल्या, आणि मग आईला ऑस्ट्रेलियात नोकरी. वडिलांचं म्हणणं असं की ठरलं ते ठरलं. न्यायालयाने सांगितलं की मुलाच्या ताब्याचे आदेश कायमचे गोठलेले नसतात, मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात. न्यायमूर्ती मुलाशी स्वतः बोलले, आईला परवानगी कायम राहिली, आणि वडिलांच्या भेटी नव्याने आखून दिल्या गेल्या.

कागदांत नोकरीचं किंवा बदलीचं पत्र हवं, त्यावर पगार आणि रुजू होण्याची तारीख दिसली पाहिजे. राहण्याची जागा, शाळा, तुम्ही कामावर असताना मुलाजवळ कोण असेल, मुलाला दमा किंवा दुसरं काही दुखणं असेल तर तिथले उपचार, हे शपथपत्रावर द्या. "नातेवाईक आहेत" एवढं पुरत नाही. कोण, घरापासून किती अंतरावर, दिवसभर घरी असतात का, ते लिहा. आतापर्यंतच्या भेटी तुम्ही कशा पाळल्या त्याची नोंदही जोडा. ती स्वच्छ असेल तर तुमचा निम्मा युक्तिवाद झाला. नसेल, म्हणजे भेटीच्या दिवशी मूल नेमकं आजारी पडायचं असा इतिहास असेल, तर "लांब गेल्यावर भेटी नक्की देईन" यावर कुणी का विश्वास ठेवावा?

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ मुळे वकील उभा करणं हा इथे हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती बहुधा मिळते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट कितीतरी जणींना माहीतच नसते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

भेटींचा आराखडा: खरी परीक्षा इथे

एक उदाहरण कागदावर मांडून बघू. समजा, आठ वर्षांची मुलगी पुण्यात आईकडे आहे, आईला बेंगळुरूला बढती मिळालीय, आणि वडिलांची भेट दर शनिवारी सहा तास आहे.

आधी आत्ताचा हिशेब करा. वर्षाचे ५२ शनिवार गुणिले सहा म्हणजे ३१२ तास. पूर्ण दिवसांत तेरा. आता नवा आराखडा: महिन्यातून एक शनिवार-रविवार, त्यातला एक आड एक वडील बेंगळुरूला जाऊन, बाकीचे मुलगी पुण्याला येऊन. दिवाळीच्या सुट्टीतले आठ दिवस, गणपतीतले पहिले तीन दिवस आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले तीन आठवडे वडिलांकडे, रात्रीच्या मुक्कामासह. बेरीज पन्नास दिवसांच्या वर जाते. हा आकडा अर्जात लिहा. पण त्याच परिच्छेदात हेही मान्य करा की दर शनिवारची सवय तुटणार आहे आणि ते नुकसान बेरजेने भरून येत नाही. असा प्रामाणिक अर्ज क्वचितच दिसतो आणि दिसला की त्याचं वजन पडतं.

मग बारकावे. रेल्वेने पुणे-बेंगळुरू वीस तासांच्या आसपास लागतात, म्हणजे शनिवार-रविवारच्या भेटी विमानानेच. तिकीट कोण काढणार, किती दिवस आधी? फ्लाइट रद्द झाली तर ती भेट बुडाली की पुढच्या आठवड्यात? विमानतळावर सोपवणार कोण, घेणार कोण? विमान कंपन्या साधारण पाच ते बारा वर्षांच्या मुलांना एकट्याने नेण्याची सोय देतात, पण आठ वर्षांच्या मुलीला ते झेपेल का, हा कंपनीने ठरवायचा प्रश्न नाही. पहिलं वर्ष सोबत कोणीतरी असेल असं लिहा. खर्चाचं म्हणाल तर जो दूर जातोय त्याने निदान सुरुवातीला मोठा वाटा उचलायची तयारी दाखवावी. पगारवाढ तुम्हाला मिळतेय आणि तिकिटांचा भार समोरच्यावर टाकताय, हे चित्र कोर्टात शोभत नाही.

व्हिडिओ कॉलचा वारही लिहा आणि वेळही. जानेवारी २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि भेटींचे तपशील आदेशात नेमकेपणाने असले पाहिजेत. त्या पाच-दहा मिनिटांत मागे उभं राहून खुणा करू नयेत, हे आदेशात लिहिलेलं नसतं. लिहायला हवं होतं, असं कधीकधी वाटतं.

सणांचं आधीच बोलून घ्या. दिवाळी या वर्षी इकडे, पुढच्या वर्षी तिकडे. वाढदिवस, आजी-आजोबांकडचं कार्य, चुलतभावाची मुंज. भांडणं मोठ्या तत्त्वांवरून कमी आणि भाऊबीज कुणाकडे यावरून जास्त होतात.

समुपदेशक आणि न्यायाधीशांची खोली

समेटाचा प्रयत्न करणं हे कुटुंब न्यायालयाचं कर्तव्यच आहे, त्यामुळे प्रकरण विवाह समुपदेशकांकडे जातं. तिथे वरचा आराखडा घेऊन जा आणि त्यात कुठे वाकायला तयार आहात हे मनाशी पक्कं ठेवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण समोरच्याला जाण्याचा राग नसतो, गृहीत धरल्याचा असतो.

मुलाला समज असेल तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या खोलीत एकटं बोलतात. पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्येच मुलाचं मत विचारात घेण्याची तरतूद आहे. त्या दिवसासाठी मुलाला उत्तरं पाठ करून नेऊ नका. "मला बेंगळुरूचं शैक्षणिक वातावरण अधिक पोषक वाटतं" असं चौथीतलं पोर बोललं की समोर बसलेल्या माणसाला सगळं कळतं. एवढंच सांगा: "तिथे एक काका किंवा मावशी तुझ्याशी बोलतील, जे वाटतं ते सांग. तू काही ठरवायचं नाहीयेस, मोठी माणसं ठरवतील." डबा, पाणी आणि एखादं गोष्टीचं पुस्तक सोबत ठेवा. थांबावं लागतं.

परदेशात जायचं असेल तर

इथे कोर्ट अधिक सावध असतं, आणि त्याला कारण आहे. मुलांच्या अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही. मूल एकदा बाहेर गेलं आणि परत आलं नाही, तर त्या कराराच्या वाटेने ते आणता येत नाही. म्हणून परतीची हमी, तिथला पत्ता, मोठ्या सुट्टीत भारतात आणण्याचं हमीपत्र, कधी ठरावीक रक्कम जमा करणं, अशा अटी येतात.

तरीही परवानगी मिळते. २०२२ मध्ये पुण्याच्या एका नोकरदार आईला कुटुंब न्यायालयाने नकार दिल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने नऊ वर्षांच्या मुलीसह पोलंडमधल्या क्राकोव्हला जायला परवानगी दिली. वडिलांच्या बाजूने शेजारच्या युक्रेनमधल्या युद्धाचाही मुद्दा आला होता. आईच्या नोकरीच्या संधी अडवता येणार नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं आणि सुट्ट्यांतल्या प्रत्यक्ष भेटी व ऑनलाइन संपर्क वडिलांसाठी राखून ठेवला.

वकील 'मिरर ऑर्डर' सुचवतील. म्हणजे भारतीय आदेशासारखाच आदेश तिकडच्या न्यायालयातूनही घ्यायचा, म्हणजे तो तिथेही बजावता येतो. चांगली कल्पना आहे, पण ताईत नव्हे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केनियातल्या वडिलांकडे मुलाचा ताबा देताना मिरर ऑर्डरची अट घातली होती. पुढे वडिलांनी आदेश पाळले नाहीत, आणि २०२१ मध्ये न्यायालयाला स्वतःचा आदेश मागे घेऊन सीबीआयला कामाला लावावं लागलं. मागे राहणाऱ्या पालकाने हे प्रकरण आपल्या वकिलाला जरूर विचारावं.

पासपोर्टसाठी दोघांची संमती असेल तर 'ॲनेक्श्चर डी', एकाची नसेल तर 'ॲनेक्श्चर सी' भरावं लागतं. व्हिसाला अनेक देश दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र किंवा न्यायालयाचा आदेश मागतात. म्हणून मूळ अर्जातच वेगळी मागणी करा: पासपोर्ट, नूतनीकरण आणि व्हिसासाठी समोरच्याची सही लागणार नाही असा स्पष्ट आदेश. ही मागणी राहून गेली तर परवानगी खिशात आणि पासपोर्ट कार्यालयात खेटे, अशी गत होते.

उलट दिशेने, परदेशात वेगळं झाल्यावर मुलाला घेऊन भारतात परतू पाहणाऱ्या मराठी आई-बापांनी तिथलाच कायदा आधी बघावा. कॅनडात १ मार्च २०२१ पासून घटस्फोट कायद्याखाली स्थलांतराची ६० दिवस आधी लेखी सूचना लागते आणि हरकतीला ३० दिवस असतात. इंग्लंडमध्ये संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय मूल देशाबाहेर नेणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. "सुट्टीला येतो" म्हणून यायचं आणि राहायचं, हा सल्ला देणारे नातेवाईक पुढच्या तारखांना येत नाहीत.

तुम्ही मागे राहणारे पालक असाल तर

नुसतं "माझी हरकत आहे" हे म्हणणं दुबळं असतं. तुम्ही मुलाच्या रोजच्या आयुष्यात कुठे आहात ते दाखवा: पालकसभेला कोण जातं, लसीकरण कुणी केलं, क्रिकेटच्या सरावाला कोण सोडतं. भेटी चुकवल्या असतील तर आधी त्या नियमित करा. जाण्यामागे तुम्हाला तोडण्याचाच हेतू आहे असं वाटत असेल तर त्याचे मेसेज तारखेसह द्या, विशेषणं नकोत. आणि पर्यायी म्हणणंही द्या: परवानगी द्यायचीच झाली तर मला अमुक सुट्ट्या, अमुक खर्च, अमुक हमी हवी. असं पर्यायी म्हणणं दिलं की आपण हरल्याची कबुली देतोय असं अनेकांना वाटतं. मग आदेश होतो आणि त्यात त्यांच्या सोयीचं काहीच नसतं.

आदेश मिळाल्यावर

त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा. अपिलाची मुदत कुटुंब न्यायालय कायद्यात ३० दिवस लिहिलेली आहे, पण आदेश अंतरिम असेल तर अपील नव्हे, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, म्हणून वकिलाकडून वाट आणि तारीख दोन्ही लिहून घ्या. जिंकलात तर उच्च न्यायालयात कॅव्हेट (आधी आम्हालाही ऐका, अशी आगाऊ सूचना) टाका, म्हणजे तुमचं न ऐकता स्थगिती मिळणार नाही.

नव्या शाळेच्या अर्जात दोन्ही पालकांची नावं आणि फोन नंबर भरा. निकालपत्रक, शाळेचे ग्रुप, डॉक्टरांचे कागद समोरच्याला न मागता पाठवा. पहिल्या वर्षातल्या भेटींची साधी वही ठेवा: तारीख, घेतलं केव्हा, सोडलं केव्हा. नोकरी गेली, मूल रमलं नाही, समोरच्याचीच बदली झाली, तर पुन्हा त्याच कोर्टात बदलाचा अर्ज करता येतो. आणि राहता पत्ता बदलला की कोर्टाच्या फाइलीतही तो लगेच बदलून घ्या. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तुम्हाला कळतही नाही आणि एकतर्फी आदेश होऊन बसतो.